एका डोळ्याची खोली

शनिवारवाड्यात १७९० साली भरलेल्या एका दरबाराचं मोठं तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे आणि कंपनी सरकार यांच्यात झालेल्या तहाचा तो प्रसंग. सोळा वर्षांचे सवाई माधवराव, भोवती मुत्सद्दी आणि सरदार, इंग्रजांचे पुण्यातले वकील चार्ल्स वॉर मॅलेट आणि त्यांची माणसं. वर महिरपी, आणि मागे मागे लहान होत गेलेले खांब. चित्र इतकं भरवशाचं वाटतं की चित्रकार त्या दिवशी दिवाणखान्याच्या एका टोकाला कागद घेऊन उभा असणार, असं कोणीही धरून चालेल.

तसा कोणीच तिथे नव्हता. चित्र काढलं टॉमस डॅनियलने, आणि १७९० मध्ये तो उत्तर हिंदुस्थानात भटकत होता. त्याने ज्या कच्च्या रेखाटनांवरून काम केलं ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची, आणि वेल्सने मुंबईच्या बंदरात पाऊल ठेवलं तेच मुळी १७९१ मध्ये. चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं १८०५ साली. तोवर वेल्सला जाऊन दहा वर्षं झाली होती, सवाई माधवरावांनाही तितकीच. नाना फडणीस १८०० मध्ये गेले होते. मग १८२८ मध्ये शनिवारवाड्याला आग लागली आणि आतली लाकडी इमारत जळून गेली. आज तिथे जोती उरली आहेत. दरबार उरला आहे तो त्या प्रसंगी हजर नसलेल्या दोघांनी मिळून उभ्या केलेल्या खोलीत.

न पाहिलेला प्रसंग असा खोलीत बसवता येतो, कारण खोली काढण्याला एक रीत आहे. फरशीच्या रेघा कुठे जातात, मागचा खांब पुढच्यापेक्षा किती लहान, दहा हातांवरच्या माणसाचं डोकं कागदावर कुठे येईल, हे सगळं पट्टी आणि दोरीने ठरवता येतं. चित्रकलेच्या तासाला मुलं त्याला ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात, पुस्तकं ‘यथार्थदर्शन’ म्हणतात. त्यातली पहिली पायरी म्हणजे एकबिंदू रचना, म्हणजे समोरची भिंत आपल्याला सरळ सामोरी असलेली खोली. शिकायला एक दुपार पुरते. माणसाला ती सापडायला मात्र १४००च्या पुढचा काळ उजाडावा लागला.

दारातली ठिपक्यांची रांगोळी आठवली तर कोडं लगेच कळतं. वाकून घालणाऱ्या बाईच्या हाताखाली सगळे ठिपके सारख्या अंतरावर असतात. तीच बाई उंबऱ्यात उभी राहून पाहू लागली की लांबच्या ओळी एकमेकींना चिकटत जातात, उभ्या ओळी आत झुकतात. रांगोळी बदललेली नसते. डोळा एका जागी थांबलेला असतो, एवढंच. प्रश्न असा की लांबच्या ओळी नेमक्या किती जवळ येतात?

फ्लॉरेन्समधल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने या प्रश्नाचं उत्तर आधी करून दाखवलं, आणि तेही एखाद्या गारुड्याच्या थाटात. हा माणूस सोनारकाम शिकलेला, पुढे त्या शहरातल्या मोठ्या चर्चचा घुमट बांधणारा. चर्चच्या दारात उभं राहून समोरचं बॅप्टिस्टरी नावाचं अष्टकोनी देऊळ दिसतं तसं त्याने एका लहान फळीवर रंगवलं. मग फळीला आरपार भोक पाडलं. चित्राच्या बाजूने ते मसुराच्या दाण्याएवढं आणि पाठीमागून नाण्याएवढं रुंद. बघणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला एक डोळा लावायचा आणि दुसऱ्या हाताने समोर आरसा धरायचा. आरशात चित्र दिसायचं. आरसा बाजूला केला की खरी इमारत, आणि दोन्ही तंतोतंत सारखी. आकाशाच्या जागी त्याने घासून चकचकीत केलेली चांदी लावली होती, त्यामुळे चित्रातल्या आभाळात खरे ढग सरकत. फळी हरवली. हा सगळा तपशील कळतो तो त्याचा चरित्रकार आंतोनियो मानेत्ती याच्यामुळे. त्याने ती स्वतः हातात घेऊन पाहिली होती.

या प्रयोगात चांदीच्या ढगांपेक्षा मसुराएवढं भोक महत्त्वाचं. बघणाऱ्याला ब्रुनेलेस्कीने हलायची मुभाच ठेवली नाही. एक डोळा, एक जागा. दोन बोटं सरकलं की जादू गेली. पुढची सहाशे वर्षं खोली काढायला शिकणारा प्रत्येक जण हीच अट मान्य करून पट्टी हातात घेतो, बहुतेकदा तिची जाणीव नसताना.

गारुड्याचा खेळ लिहून काढला तो लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीने. चित्रकलेवरचा त्याचा ग्रंथ १४३५चा, आणि पुढच्या वर्षीची इटालियन प्रत त्याने ब्रुनेलेस्कीलाच अर्पण केली. त्याची सुरुवात घरगुती आहे. कागदावर चौकट आखा. तिच्यात पुढे उभा राहील असा माणूस काढा. त्याच्या उंचीचे तीन भाग करा, प्रत्येक भाग एक ‘ब्राचो’. ब्राचो म्हणजे हातच, फक्त आपल्या हातापेक्षा लांब. मराठीत देह साडेतीन हातांचा, आल्बेर्तीचा तीन हातांचा. माणूस तेवढाच, माप वेगळं. चौकटीच्या खालच्या रेघेवर या हाताने खुणा करत जायचं. मग माणसाच्या उंचीपेक्षा वर जाणार नाही असा एक बिंदू चौकटीत घ्यायचा आणि प्रत्येक खुणेपासून त्याच्याकडे रेघ न्यायची. फरशीच्या आत धावणाऱ्या रेघा तयार झाल्या.

आडव्या रेघांपाशी मात्र तेव्हाचे चित्रकार अडखळत. कोणी पहिली रेघ अंदाजाने मारी आणि पुढचं प्रत्येक अंतर आधीच्याच्या दोन-तृतीयांश घेई. आल्बेर्ती या लोकांना सरळ चुकीचं ठरवतो. कारण या हिशेबात बघणारा किती लांब उभा आहे याचा विचारच नाही, आणि तो नसेल तर सगळा हिशेब हवेत. त्याने बाजूने दिसणारी वेगळी आकृती काढायला सांगितली: डोळा इथे, कागद इथे, फरशीच्या खुणा तिथे, आणि डोळ्यापासून खुणांकडे गेलेल्या रेघा कागदाला जिथे छेदतात तिथे आडव्या ओळी. तपासणीही त्यानेच दिली आहे. फरशीच्या एका कोपऱ्यातून तिरकी पट्टी ठेवली तर ती प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यातूनच गेली पाहिजे. एखादा चौकोन चुकवून गेली तर कुठेतरी फसलं आहे.

आजच्या वर्गात याचंच सुटसुटीत रूप शिकवतात. समोरची भिंत म्हणजे एक आयत. डोळ्याच्या उंचीला आडवी क्षितिजरेषा. तिच्यावर लोपबिंदू, म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंट. आयताच्या चार कोपऱ्यांतून बिंदूपासून बाहेर येणाऱ्या चार रेघा मारल्या की जमीन, आढं आणि दोन बाजूच्या भिंती एका दमात उभ्या राहतात, आणि पहिल्यांदा हे करणाऱ्या पोराचा चेहरा पाहण्यासारखा होतो. कागदाला खोली आलेली असते. फरशीच्या आडव्या रेघांसाठी क्षितिजरेषेवरच, लोपबिंदूपासून बघणाऱ्याच्या अंतराइतका लांब, दुसरा बिंदू घ्यायचा आणि तिथून कर्ण मारायचा. ही युक्ती छापील पुस्तकात आली ती १५०५ साली, झां पेलरँ नावाच्या फ्रेंच धर्मगुरूच्या ग्रंथात. तो स्वतःला ‘व्हियाटोर’, म्हणजे वाटसरू म्हणवून घेई.

चुका सगळीकडे त्याच. फरशीचे सगळे चौकोन सारख्या उंचीचे. टेबलाचे मागचे पाय पुढच्यांच्या ओळीत. लोपबिंदू कायम कागदाच्या बरोबर मध्यावर, त्यामुळे प्रत्येक खोली रेल्वेच्या बोगद्यासारखी. अर्धवट उघडलेलं दारही मुलं त्याच बिंदूकडे धाडतात, पण ते भिंतीपासून वळलेलं असल्याने त्याला क्षितिजरेषेवर आपला वेगळा बिंदू लागतो. आणि एक चूक खास आपल्याकडची. पुस्तकातली खोली उभ्या किंवा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या घरात क्षितिजरेषा खाली येते: पाटाचा वरचा भाग जेमतेम दिसतो, फडताळाच्या फळ्या खालून दिसतात. मांडीवर बोर्ड घेऊन बसलेलं मूल पुस्तकातली उंच रेघ गिरवतं, मग समोरची खाट अशी दिसते जणू कोणी माळ्यावरून पाहतंय.

बिंदूची जागा ठरवण्यात मोठ्या चित्रकारांची खरी हुशारी दिसते. ड्यूररच्या १५१४च्या कोरीव चित्रात संत जेरोम खोलीच्या आत टेबलापाशी लिहीत बसला आहे. लोपबिंदू अगदी उजव्या कडेला आहे, त्यामुळे बघणारा दाराआडून हळूच डोकावल्यासारखा होतो. व्हेरमीरच्या डझनाहून अधिक चित्रांत लोपबिंदूच्या जागी टाचणीचं बारीक भोक सापडलं आहे. टाचणीला खडू लावलेली दोरी बांधायची, ताणायची आणि सोडायची, की कॅनव्हासवर रेघ उमटते. आपल्याकडे सुतार गेरूत बुडवलेल्या दोरीने फळीवर रेघ उठवतो ती हीच. मिलानमध्ये लिओनार्दोने १४९५ ते १४९८ या काळात रंगवलेल्या ‘अखेरच्या भोजना’तही खिळ्याचं भोक आहे, ते येशूच्या उजव्या कानशिलावर. गंमत अशी की त्या भिंतीसमोर जमिनीवर कुठेही उभं राहिलं तरी ती खोली पूर्ण जुळत नाही. बिंदू उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या कितीतरी वर आहे. लिओनार्दोने बघणाऱ्यासाठी जागा ठरवली आणि ती हवेत ठेवली.

रोममधल्या संत इग्नेशियसच्या चर्चमध्ये उलट प्रकार. तिथल्या छतावर आंद्रेआ पोत्सोने आभाळात चढत जाणाऱ्या इमारती रंगवल्या, आणि त्या कुठून सरळ दिसतात हे सांगणारी संगमरवरी चकती जमिनीत बसवलेली आहे. तिच्यावरून उतरलं की खांब कलंडतात. इटलीतल्या राजवाड्यांच्या नाट्यगृहांत ती चकती म्हणजे राजाचं आसन. पडद्यावरचा रस्ता, मागची कमान, सगळं त्या एका खुर्चीतून नीट दिसेल असं रंगवलं जाई. बाकीचे दरबारी जितके बाजूला तितका त्यांना देखावा वाकडा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बिब्बिएना घराण्यातल्या नेपथ्यकारांनी तिरकस कोनातून दिसणारे देखावे रूढ केले तेव्हा कडेच्या लोकांची जरा सोय झाली.

पेशव्यांच्या पुण्यात चित्रं निराळ्या समजुतीने काढली जात. मुघल, राजपूत, दख्खनी कलमांचा वारसा असलेल्या चित्रात गालिचा अंथरला तर तो वरून पाहिल्यासारखा पूर्ण चौकोनी, त्याची वेलबुट्टी कोपऱ्यापर्यंत स्पष्ट. त्यावर बसलेली माणसं मात्र बाजूने. याला अडाणीपणा म्हणणं हा स्वतःचाच अडाणीपणा. गालिचा चौकोनी आहे हे चित्रकाराला माहीत आहे, आणि तो विणणाऱ्याने जितकं विणलं तितकं सगळं दाखवायचं आहे. मोठा माणूस मोठा काढायचा तो मानाने मोठा म्हणून. लांब बसला म्हणून पेशवा हुजऱ्यापेक्षा लहान काढणं हा तर वेडेपणाच ठरला असता. तिथे बघणारा चित्रात फिरतो, ब्रुनेलेस्कीच्या भोकाला जखडलेला नसतो.

या दोन समजुतींची गाठ शनिवारवाड्यात पडली. मॅलेटच्या पुढाकाराने वाड्यातच चित्रकलेची शाळा सुरू झाली आणि तिथे तयार झालेल्यांत गंगाराम चिंतामण तांबट यांचं नाव आज सर्वांत ठळक आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यांनी रंगवला, मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. ही रेखाटनं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. लेणं म्हणजे दगडात कोरलेली खोलीच, आणि एकबिंदू रचनेची त्याहून कठीण परीक्षा नाही: सामोरी भिंत, दोन्हीकडे खांबांच्या रांगा, वर सपाट छत, आणि आत अंधार. डॅनियलने लंडनमध्ये बसून जो दरबार बांधला त्यात पेशवे नियमाप्रमाणे आपल्या अंतराइतके लहान होतात. त्यांची थोरवी आकारातून काढून घेतल्यावर ती पोशाख, गादी आणि भोवतालच्या अदबीतून दाखवावी लागली.

शाळा पेशवाईबरोबर मागे पडली. शिकवणं पुन्हा पद्धतशीर सुरू झालं ते मुंबईत. जमशेटजी जिजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले होते; २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये पहिला ड्रॉइंगचा वर्ग भरला. उत्तरेत बंड पेटायला दोन महिने बाकी होते. शाळेच्या अभ्यासक्रमावर छाप होती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. तिथे कलाशिक्षणाचे तेवीस टप्पे पाडलेले, आणि पहिल्याच टप्प्यात पट्टी-कंपासची भूमिती आणि रेखीय यथार्थदर्शन. माणसाचा चेहरा फार पुढे. आधी खोका, मग खोली. या शाळेला, म्हणजे जे. जे.ला, १८७८ मध्ये स्वतःची इमारत मिळाली, पुढच्या वर्षी ड्रॉइंग हा शिकवायचा विषय म्हणून मांडला गेला, आणि १८९३ मध्ये ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचा वर्ग निघाला. त्या वर्गातूनच खोक्याची आणि खोलीची रीत मुंबई इलाख्यातल्या हायस्कुलांत पोचली.

याच शाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्या तुकडीतले बिनीचे. शिकलेल्या हातांना तिथे फार गोंधळल्यासारखं झालं असणार. अजिंठ्यातले मंडप बारीक खांबांवर उभे, पण प्रत्येकाचा कल आपला स्वतंत्र; सगळ्या रेघा जातील असा एक बिंदू शोधायला गेलं तर सापडत नाही. आतली राणी, बाहेरची दासी, पुढची मिरवणूक, असं प्रत्येक पाहायला डोळा सरकत जातो. मुंबईत खोलीला एकच बिंदू असतो हे घोकायचं आणि अजिंठ्यात त्याच्या उलट दाखला इमानेइतबारे उतरवायचा, असं ते वर्षानुवर्षं चाललं. १८८५ मध्ये लंडनमधल्या एका आगीत त्यातल्या पुष्कळ नकला जळाल्या. पुढे बंगालमध्ये हॅवेल या इंग्रज कलाशिक्षकाच्या प्रेरणेने कलावंतांनी पाश्चात्त्य पद्धतीकडे पाठ फिरवली. मुंबईने तसं केलं नाही. जे. जे.त भारतीय शैलीचा वर्ग निघाला, जगन्नाथ अहिवासी तो चालवीत, पण बाकीच्या वर्गांत पट्टी चालूच राहिली.

कलाशाळेत न गेलेल्या मराठी माणसाला एकबिंदू खोली भेटली ती देवघरात आणि नाटकात. मुंबईत १८९४ मध्ये सुरू होऊन मळवलीला हललेल्या रविवर्मा प्रेसच्या, आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या छापखान्यांच्या तसबिरींत देवतांच्या पायाखाली काळ्या-पांढऱ्या फरश्या आल्या. लांब पळत जाणारी ती फरशी आल्बेर्तीची, तिच्यावर उभी राहणारी देवता आपली. कुंकू लावताना कोणाच्या हे लक्षात आलं नसेल, येण्याचं कारणही नव्हतं.

नाटकातला पडदा मात्र बोलबाला करून आला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत खेळ केले तेव्हा मागे साधा पडदा पुरे होता. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नंतर, म्हणजे १८८० नंतर, कंपन्यांत रंगवलेल्या पडद्यांची चढाओढ लागली: राजवाडा, रस्ता, बाग, अरण्य. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ अशा पडद्यांसाठी नावाजले. ललितकलादर्शचे पडदे पु. श्री. काळे यांनी रंगवले. गुंडाळी सुटली की खांबांची रांग लांबवर जाई आणि पुढच्या रांगेतून ‘वा’ येई. अडचण एकच. देखावा रंगवलेला, नट खरा. चार पावलं मागे जाऊन तो कमानीजवळ उभा राहिला की कमान त्याच्या गुडघ्याला लागे. म्हणून राजाने पुढेच राहायचं, विंगेतून यायचं, विंगेत जायचं. दरबाराच्या टोकाशी बसलेल्या राजाकडे दूत चालत जातो, हे दृश्य पडद्याला जमणारं नव्हतं.

शिवाय कंपनी गावोगाव फिरे. कुठे बांधलेलं थिएटर, कुठे तंबू, कुठे बाजाराच्या दिवशी उभारलेला मांडव. पडदा ज्या खुर्चीसाठी रंगवला ती खुर्ची प्रत्येक गावी नव्या जागी, आणि पिटातल्या लोकांच्या वाट्याला ती कधीच नव्हती. इटलीतल्या राजाचं आसन इथे पहिल्या रांगेतल्या तिकिटाला मिळालं.

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केलं तेव्हा पडद्याऐवजी दिवाणखाना उभा होता: तीन भिंती, दारं, खऱ्या खुर्च्या. चौथी भिंत काढून टाकलेली. बॉक्स सेट म्हणतात तो हा, आणि तो नीट पाहिला तर चित्रकलेच्या वहीतलीच खोली आहे. त्याच्या बाजूच्या भिंती मागच्या भिंतीशी काटकोनात नसतात. त्या पुढे येताना बाहेर फाकतात, कारण काटकोनात ठेवल्या तर कडेच्या प्रेक्षकाला जवळच्या भिंतीची फक्त कड दिसेल. म्हणजे चारशे-पाचशे वर्षं चित्रकार चौकोनी खोली कागदावर निमुळती करत होते, आणि आता सुतार लाकडाची खरी खोलीच निमुळती बांधू लागला. टीव्हीवरच्या मालिकांतली घरं आजही याच आकाराची असतात. तिरक्या भिंतीशी नव्वद अंशाचं कपाट बसवताना सेटवरच्या माणसांना मागे पाचर घालावी लागते.

कॅमेऱ्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. तो जन्माने एक डोळ्याचा. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये जे. जे.त शिकले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात. नाटकांचे पडदे रंगवले, आणि १८९२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल सुवर्णपदक मिळवलं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि पडद्यांवर हात बसलेले फत्तेलाल पुढे ‘प्रभात’चे कलादिग्दर्शक झाले. या माणसांना एक गोष्ट आयती माहीत होती. मागे रंगवलेल्या महालाची क्षितिजरेषा लेन्सच्या उंचीला जुळली नाही, तर महाल तरंगतो. नाटकात हजार डोळ्यांना खूश ठेवता येत नव्हतं. इथे एकाच डोळ्याची मर्जी सांभाळायची, आणि तो डोळा जिथे असेल तीच जागा पुढे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला, शेवटच्या बाकावरच्यालासुद्धा, दिली जायची.

शाळांत आज हा सगळा इतिहास एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन शब्दांत मावतो. कला संचालनालयाच्या या परीक्षांना राज्यभरातली मुलं बसतात: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. खोलीची खरी कसोटी स्मरणचित्राच्या पेपरात लागते, कारण समोर काही ठेवलेलं नसतं. स्वयंपाकघर काढायचं म्हटलं की सरावलेलं मूल आधी आडवी रेघ मारतं, बिंदू देतं, आणि ओटा, खिडकी, फरशी, वरची मांडणी सगळं बिनचूक त्या बिंदूकडे रवाना करतं. मग जमिनीवर जेवायला बसलेली माणसं काढतं आणि त्यांच्यापुढे ताटं वाढतं. त्या कोनातून ताट दिसेल ते चपटं, लांबट; हेही त्याला शिकवलेलं असतं. तरी कंपास नसताना, हाताने, ते ताट पूर्ण गोल काढतं. मग त्यात मध्ये भात, डावीकडे मीठ-लिंबू आणि चटणी, उजवीकडे भाजी, सगळं आपापल्या जागी मांडून दाखवतं.